कडी मीच काढली होती

प्रश्न : आमचं घर मालवण तालुक्यात. 1990 च्या गणपतीतली गोष्ट, मी आठ वर्षांची. धाकटे काका मुंबईहून एसटीने आले, चतुर्थीला अगदी बरे होते, आरतीला झांजा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी रात्री लाइट गेलेली, पाऊस नुसता कोसळत होता, आई बाळंतपणाला माहेरी, बाबा भजनाला वाडीत, घरात आजी आणि मी. आजीने माजघराला आतून कडी लावलेली आणि काका बाहेरून दारावर धपाधप मारतायत, मधेच शिंका, एकामागून एक दहा-बारा. "बाय, पोटात कळ येता गो, दार उघड" म्हणाले आणि मी कडी काढली. कंदिलाच्या उजेडात त्यांचा हात दिसला, पिसं काढलेल्या कोंबडीसारखा सगळा काटा. "आयेचे पैशे खय आसत?" मी तांदळाच्या डब्याकडे बोट दाखवलं. आजी आडवी आली तर तिला ढकललं, ती गणपतीपुढच्या समईवर पडली, आणि काका पैसे घेऊन पावसात पळाले. सकाळी आजीचं मनगट सुजलेलं. सगळ्यांना सांगितलं न्हाणीत पाय घसरला. मला म्हणाली, "तेका बाधा झाली हा, कोणाक सांगू नको."

काका गर्द घ्यायचे हे खूप नंतर कळलं. आता वीसेक वर्षं काही घेत नाहीत, यंदा कायमचे गावी आलेत, माझ्याशी चांगलं बोलतात. पण ते शिंकले की माझे हात थरथरतात. कडी काढली नसती तर?

उत्तर : ताई, बाधा वगैरे काही नव्हती. शिंका, अंगावर काटा, पोटात कळा, ही गर्द तुटल्याची लक्षणं, मुंबईत त्याला 'टर्की' म्हणतात. गर्द म्हणजे भेसळीचं हेरॉईन, ऐंशीच्या दशकात मुंबईत त्याने किती घरं खाल्ली! शेवटच्या डोसनंतर साधारण 8 ते 12 तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. चतुर्थीला काका बरे दिसले म्हणजे जवळची पुडी तोवर पुरली असणार. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 लाच सुरू झालं होतं, पण तुमच्या वाडीत ते कोणाला माहीत असणार.

अर्थात टर्कीने कळा येतात, म्हातारीला ढकलणं ते काकांचंच. आणि कडीचं म्हणाल तर पोटात दुखतंय म्हणणाऱ्या घरच्या माणसाला आठ वर्षांच्या पोरीने दार उघडलं, दुसरं काय करणार होती ती? आजींनी लेकाची अब्रू राखली, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण त्या पायी एवढी वर्षं तुम्ही एकट्याच ती रात्र सांभाळताय.

काकांशी बोलायची घाई नको. "माका काय आठवत नाय" असं उत्तर आलं तर चालेल का, हे आधी स्वतःला विचारा. त्याआधी दुसऱ्या कोणाला तरी सगळं सांगा, अगदी सुजलेल्या मनगटापर्यंत. त्या बाळंतपणातलं भावंडच आता पस्तिशीचं असेल, त्याला सांगा ना. नाहीतर मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि शिंका सुरू झाल्या की उठून पडवीत जा खुशाल, कोणी विचारलं तर उकडतंय म्हणा.