पेटी कपाटावर ठेवायची का?

"मॅडम, त्यांच्या वस्तू नजरेआड केलेल्या बऱ्या ना?" घरातलं वडीलधारं माणूस गेलं की हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. वस्तू तेवढी बदलते. कधी काठी, कधी चष्म्याचं घर. सांगलीच्या या घरात ती पेटी, म्हणजे हार्मोनियम, होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आजोबा पेटीवादक. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या गाण्याला साथ करण्यात गेलेलं. चौदा वर्षांचा नातू तबला शिकतो. रोज संध्याकाळी आजोबा लेहरा धरायचे. चंद्रकंस रागातली सोळा मात्रांची एकच ओळ पाऊण-पाऊण तास, आणि त्यावर नातवाचा रियाज. ओळीची पहिली मात्रा म्हणजे सम. मला संगीतातलं शून्य कळतं, हे सगळं त्यानेच मला शिकवलं. आजोबा गेल्यावर चार महिने तबल्याची खोळ निघाली नव्हती. वडिलांनी पेटी कपाटावर चढवली आणि मुलाच्या फोनमध्ये लेहऱ्याचं अ‍ॅप टाकून दिलं.

दोन भेटी नुसत्या 'ठीक आहे'मध्ये गेल्या. तिसऱ्या वेळी मी अ‍ॅपचा विषय काढला.

"ते कधीच चुकत नाही."

"मग चांगलंच की!"

"पण समेवर आलो की माझ्याकडे बघत नाही ना."

मग तो बोलतच गेला. शोकसभेत सगळ्यांनी आजोबांना देवमाणूस ठरवलं होतं. कधी आवाज चढवला नाही म्हणे. "मला तर रोज ओरडायचे! त्यांच्या तरुणपणी आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, 1971 नंतर ती सैल झाली, हेसुद्धा मला तिथेच कळलं. ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते."

गेलेल्या माणसाला आपण घाईने हार घालतो आणि मुलाच्या ओळखीचा माणूस त्या हाराखाली झाकला जातो. माझ्या कामात मला हे फार उशिरा उमगलं. म्हणून हल्ली मी 'आजोबा कसे होते?' असं विचारत नाही. 'कशावरून ओरडायचे?' असं विचारते.

पुढच्या वेळी तो फोन घेऊन आला. गुरुजींना पाठवायला केलेलं रियाजाचं रेकॉर्डिंग होतं, मागे आजोबांचा लेहरा. चार महिन्यांत त्याने ते उघडलं नव्हतं. आम्ही दोघांनी ऐकलं. मध्येच तिहाई (तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा) हुकली, पेटी थांबली आणि खोकत खोकत आवाज आला, "दीड मात्रा कुठं गेली? खिशात घातलीस?" पोरगा खो खो हसला. आणि हसता हसता रडायला लागला. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, बाकी काही केलं नाही. समुपदेशकाला गप्प बसता आलं पाहिजे, आणि ते मला बरं जमतं असं मी नम्रपणे नमूद करते.

नंतर बापलेकांना एकत्र बोलावलं. वडिलांना विचारलं, "पेटीचा त्रास नक्की कुणाला होतो?"

"याला."

मुलगा म्हणाला, "बाबा कामावर गेले की मी स्टुलावर चढून भाता हलवतो. बंद राहिली तर पेटी खराब होते, आजोबा म्हणायचे."

वडील बराच वेळ फरशीकडे बघत राहिले. आजोबा गेल्यापासून हा माणूस एकदाही रडला नव्हता.

मनोविश्लेषक फ्रॉइडने 1917 साली मांडलं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी 1996 मध्ये वेगळं सांगितलं: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे. दरवर्षी पितरांना पान वाढणाऱ्या आपल्या घरांना हे कुणी शिकवायला नको खरं तर.

तेव्हा वस्तू हलवायच्या तर मुलांना विचारून हलवा. 'आता सावर' म्हणण्यापेक्षा स्वतःची एखादी आठवण सांगा, भांडणाची असली तरी चालेल. मुलांसमोर रडलात तर काही बिघडत नाही. मात्र झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे विस्कटली किंवा जगणंच नको अशी भाषा आली, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 14416 या क्रमांकावर टेली-मानसची सरकारी सेवाही आहे.

पेटी खाली आली, दुरुस्तीला मिरजेला जाऊन आली. लेहरा वडिलांना येत होता. लहानपणी धाकाने शिकवलेला, तीस वर्षं न वाजवलेला. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "कसे वाजवतात बाबा?"

नातवाने तोंड वाकडं केलं. "धावतात. रोज ओरडावं लागतं."