जबड्याची प्लेट आणि मोडायची एफडी

प्रश्न : मुलाच्या (वय २४) खालच्या जबड्यात अमेलोब्लास्टोमाची गाठ आहे. जबड्याचा तो भाग काढून तिथे पायाचं हाड बसवणार. हॉस्पिटलचं एस्टिमेट ८.५ लाख, त्यात थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियम प्लेटचे २.५ लाख. मेडिक्लेम ५ लाखांचा. माझी ६ लाखांची एफडी मोडू की पर्सनल लोन काढू? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, दोन्ही नको. आधी त्या अडीच लाखांचं बघू. प्लेट वगळूनही बिल ६ लाखांचं, म्हणजे ती धरा वा सोडा, तुमचा ५ लाखांचा मेडिक्लेम संपणारच आहे. म्हणजे दुसरी पॉलिसी नसेल तर प्लेटचा रुपयान् रुपया तुमच्या खिशातून जाणार, 'इन्शुरन्समध्ये बसेल' असं कुणी कितीही सांगो.

थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे फक्त ती प्लेट नव्हे. सीटी स्कॅनवरून जबड्याचं हुबेहूब मॉडेल छापतात. जबड्यात बसवायचं पोटरीचं हाड कुठे, कोणत्या कोनात कापायचं ते दाखवणारे कटिंग गाइड छापतात. टायटॅनियमची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून केलेली प्लेट हा यातला सगळ्यात महागडा भाग. मॉडेल हाताशी असलं की बाजारातली तयार प्लेट सर्जन आधीच वाकवून ठेवू शकतात आणि ऑपरेशनमधला तेवढा वेळ वाचतो. तेव्हा सर्जनना सरळ विचारा, असं केलं तर माझ्या मुलाच्या बाबतीत काय कमी पडेल? ठोस कारण मिळालं तर प्लेट जरूर घ्या. तो निर्णय त्यांचा, माझा नव्हे. दुसरं मत हवं असेल तर मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे.

मला खरी काळजी दातांची वाटते. हाडाबरोबर त्यावरचे दातही जाणार. नवं हाड जुळल्यावर, बहुधा काही महिन्यांनी, इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) आणि त्यावर दात बसवावे लागतील. डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसी साधारण ६० ते ९० दिवसच देते, शिवाय दातांच्या उपचारांना बहुतेक पॉलिसींत कात्री असते. तुम्ही दिलेल्या एस्टिमेटमध्ये हा खर्च कुठेच दिसत नाही. पोरगा २४ वर्षांचा आहे, त्याला पुढची पन्नास वर्षं चावून खायचंय! तो आकडा आत्ताच विचारून घ्या आणि तेवढे पैसे बाजूला काढा.

खोली पॉलिसीच्या भाडेमर्यादेतलीच घ्या. महागडी घेतलीत तर सर्जन आणि थिएटरच्या फीवरही त्या प्रमाणात कपात होऊ शकते (शरीरात बसवायच्या प्लेटच्या किमतीवर नाही).

उरलेल्या रकमेसाठी एफडी न मोडता, ती तारण ठेवून बँकेकडून ओव्हरड्राफ्ट (हवे तेवढेच पैसे वापरायचं कर्ज) काढा. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण १ ते २ टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच. पर्सनल लोन याहून बरंच महाग पडतं. यजमानांच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत मुलाचं नाव आहे का, तेही आजच बघा. असेल तर पहिली पॉलिसी संपल्यावर राहिलेल्या बिलाचा क्लेम तिथे करता येईल.