सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे, तळमजल्यावर माझं दुकान आहे. बिल्डर 10 टक्के जास्त जागा देतो म्हणतो. सही करावी का?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: बोरिवलीत बाजाराच्या रस्त्यावर जुनी सोसायटी, खाली 12 दुकानं, वर 36 घरं. टॉवर होणार. दुकानदारांना आहे तेवढं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ, आणि वर 10 टक्के मिळणार. तुमचं मेडिकल स्टोअर आहे.

टक्केवारी सध्या बाजूला ठेवा आणि बिल्डरकडे तळमजल्याचा नकाशा मागा, मोजमापांसकट. घराची किंमत चौरस फुटांवर ठरते. दुकानाची किंमत ठरते ती शटर रस्त्याला किती फूट लागतं आणि गिऱ्हाईक किती पायऱ्या चढून आत येतं त्यावर. ऑफरच्या पत्रात या दोन्हींबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते.

हिशोब करून बघू. समजा प्लॉट रस्त्याला 40 मीटर आहे आणि आजची 12 दुकानं प्रत्येकी 10 फूट रुंद, 20 फूट खोल, म्हणजे 200 चौरस फुटांची आहेत. उंच इमारत आली की अग्निशमन दलाच्या गाडीसाठी साधारण 6 मीटरचा मोकळा रस्ता लागतो. तो दोन्ही बाजूंनी ठेवला तर 12 मीटर गेले, उरले 28. वरच्या रहिवाशांची लॉबी दर्शनी भागात हवी म्हणून 4 मीटर, वीज कंपनीच्या सबस्टेशनला 4 मीटर. उरले 20 मीटर, म्हणजे दुकानामागे जेमतेम साडेपाच फूट. 10 टक्के वाढवून मिळालेले तुमचे 220 चौरस फूट आता साडेपाच फूट रुंद आणि 40 फूट खोल अशा बोळात बसवावे लागतील. कागदावर क्षेत्रफळ वाढलं, धंदा मात्र निम्म्यावर आला. किंवा मग आर्किटेक्ट चार-पाच दुकानं पहिल्या मजल्यावर नाहीतर आतल्या पॅसेजमध्ये ढकलतो. मेडिकलसाठी यातलं काहीच चालणार नाही.

यावर उपाय आहे, पण तो नकाशा पालिकेत जाण्याआधीच होतो. लॉबीचं दार बाजूच्या रस्त्यावरून घेता येतं. सबस्टेशन मागे नेता येतं, कारण वीज कंपनीला ट्रान्सफॉर्मरपर्यंत ट्रक जायला वाट हवी असते आणि आगीच्या गाडीसाठी ठेवलेला रस्ता त्यालाही चालू शकतो. एवढं केलं तरी 28 मीटर दुकानांना मिळतात, दर दुकानाला साडेसात फुटांच्या वर. शिवाय करारात एक वाक्य हवंच: दर्शनी जागेवर पहिला हक्क जुन्या दुकानदारांचा, विक्रीची दुकानं त्यानंतर. हे लिहून घेतलं नाही तर बिल्डर विकायची दुकानं रस्त्याला काढतो आणि तुम्हाला मागे बसवतो, कारण पैसा त्याच शटरमध्ये आहे हे त्यालाही कळतं.

पालिकेकडून प्लॉटचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या प्लॉटबद्दल काय आहे याचा दाखला, आधीच काढून घ्या. रस्ता रुंद व्हायचा असेल तर पुढची पट्टी पालिकेला द्यावी लागते आणि दुकानांची रांग मागे सरकते. त्या पट्टीचा मोबदला एफएसआयच्या (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्या आकड्याच्या) रूपात प्रकल्पाला मिळतो, तेव्हा बोलणी करताना तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. रस्त्याच्या रुंदीवर बिल्डरची ऐपतही कळते: उपनगरात 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर एफएसआय 1 इतकाच, 9 मीटरपासून 2, आणि रुंद रस्त्यांवर 2.5 पर्यंत. त्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे जादा मिळणारं बांधकाम.

आता उंची आणि जोतं. वरच्या घरांचे खांब आणि खालच्या पार्किंगचे खांब एका रेषेत येत नाहीत, म्हणून मधे जाडजूड बीम टाकतात. स्लॅब ते स्लॅब 4.2 मीटर म्हणून सांगितलेल्या दुकानात तो बीम दीड मीटर खाली उतरला की हाती 2.7 मीटर राहतात. त्यामुळे करारात उंची ‘बीमच्या खालून’ लिहून घ्या आणि शटरच्या मधोमध खांब येणार नाही, हेही लिहा. जोत्याची पातळी आजच्या डांबरी रस्त्यावरून ठरवू नका. काँक्रिटीकरणात रस्ता वर आला की दुकान खड्ड्यात जातं आणि पहिल्याच जुलैत पाणी आत येतं.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ड्रेनेज. वरच्या मजल्यांच्या संडास-बाथरूमचे पाइप खाली येताना कुठेतरी आडवे वळतात. पार्किंग वर असेल तर ते तिथे वळवता येतात. घरं थेट दुकानांवर असतील तर ते तुमच्या छताखालून जातात. औषधांच्या कपाटावर सांध्यातून थेंब पडायला लागले की सोसायटी, प्लंबर आणि वरचा रहिवासी एकमेकांकडे बोट दाखवतात. दुकानाच्या हद्दीत ड्रेनेजची आडवी लाइन नको, सफाईची झाकणं बाहेरच्या डक्टमध्ये हवीत, हे प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर दाखवून घ्या. त्याच बैठकीत एसीचे आउटडोअर युनिट, बोर्डाची जागा, मंजूर वीजभार आणि दुकानांसाठी स्वच्छतागृह हे विषयही उरका. रांगेत खानावळ किंवा फरसाणवाला असेल तर त्याला धुराचा डक्ट थेट गच्चीपर्यंत लागतो. तो मागाहून बसवता येत नाही.

आता मोजणी. निविदा काढण्याआधी सोसायटीच्या आर्किटेक्टकडून प्रत्येक दुकान आतून मोजून घ्या आणि त्या तक्त्यावर तुमची सही असू द्या. जुन्या करारनाम्यात बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्रफळ, लिहिलेलं असतं, बिल्डर रेराच्या (बांधकाम व्यवसायाच्या नियमन कायद्याच्या) व्याख्येचं कार्पेट बोलतो, आणि दोन्ही आकडे एकच समजून लोक फसतात. पोटमाळा हा वादाचा दुसरा विषय. मंजूर नकाशात तो नसेल तर त्याचं क्षेत्रफळ सहसा धरत नाहीत. मंजूर नकाशा, नोंदणीकृत करारनामा आणि मालमत्ता कराची नोंद हे तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

सही न करता अडून बसावं का? नाही. सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत. तुम्ही 12, ते 36. कलम 79(अ) खालच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार 51 टक्के सभासदांची संमती पुरते आणि अडून बसणाऱ्या अल्पमताला उच्च न्यायालयात सहसा दाद मिळत नाही. तुमचं बळ बिल्डर निवडण्याआधी आहे. बाराही दुकानदारांनी एकत्र येऊन वरच्या सगळ्या अटी निविदेच्या मसुद्यातच घालायला लावा. त्याच शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक हमीची तरतूद आहे. बिल्डर ती टाळायला बघतो, तुम्ही सोडू नका.

मधल्या काळातलं भाडं घरासारखं मोजू नका. तुमच्या रांगेतल्या दुकानाचा आजचा भाडेदर धरा, त्यावर 18 टक्के जीएसटी, दलाली, दरवर्षीची वाढ आणि पर्यायी दुकानाच्या फर्निचरचा खर्च धरा. ताबा मिळाल्यावर नवं दुकान लावायला दोन-तीन महिने जातात, त्यांचंही भाडं मागा. औषधविक्रीचा परवाना जागेला जोडलेला असतो आणि किरकोळ विक्रीला किमान 10 चौरस मीटर जागा लागते. पर्यायी जागेचा परवाना हातात पडल्याशिवाय जुनी जागा रिकामी करू नका. दुकान भाड्याने चालवायला दिलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: चालवणारा सोसायटीचा सभासद नाही, त्याच्याकडून जागा रिकामी करून घेणं ही मालकाची जबाबदारी.

कराबाबत सीएला आधी भेटा. घर विकून घर घेताना मिळणारी भांडवली नफ्याची सूट दुकानाला लागू नाही, आणि धंद्याच्या नुकसानभरपाईची रक्कम उत्पन्न धरली जाऊ शकते. मुद्रांक शुल्काचं मात्र बरं आहे: सोसायटीच्या विकास करारावर शुल्क भरलेलं असेल तर जुन्या जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या जागेच्या वैयक्तिक करारावर पुन्हा पूर्ण शुल्क घेता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला. विकत घेतलेल्या जादा जागेवर ते भरावं लागतं.

देखभाल खर्चही आत्ताच ठरवून घ्या. टॉवरमध्ये लिफ्ट, जिम, क्लबहाउस असणार आणि दुकानदाराला त्यातलं काहीच वापरायचं नसतं. तरी उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या गाळ्यांवर सारखं वाटलं जातं. दुकानांचा वेगळा दर विकास करारात आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात, दोन्हीकडे यायला हवा. आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (इमारत वापरायला पालिकेने दिलेल्या परवानगीशिवाय) किल्ल्या घेऊ नका. ‘तुमचं दुकान तयार आहे, सुरू करा’ असं बिल्डर आधीच म्हणेल, कारण त्या तारखेपासून त्याचं भाडं बंद होतं.