पोलिसांकडची यादी आणि जगासमोरची यादी

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची नावं, फोटो, पत्ते कुणालाही पाहता येतात, मग या कायद्यावर टीका करणारे गुन्हेगारांचे कैवारीच नाहीत का? काही असतीलही. पण पॅटी वेटरलिंग यांना तसं म्हणता येईल का बघा. १९८९ मध्ये मिनेसोटात त्यांच्या अकरा वर्षांच्या जेकबला पळवून नेलं. अशा गुन्हेगारांची पोलिसांकडे नोंद ठेवायला लावणारा १९९४ चा केंद्रीय कायदा त्याच्याच नावाचा, आणि तो व्हावा म्हणून झटणाऱ्यांत त्या स्वतः होत्या. पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं की या कायद्यांची व्याप्ती भलतीकडेच गेली आहे.

गोंधळ होतो तो दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. पोलिसांकडे नोंद असणं वेगळं आणि ती जगासमोर मांडणं वेगळं. १९९६ च्या मेगन कायद्यानं दुसरी गोष्ट सक्तीची केली. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या अभ्यासकांनी २०११ मध्ये दोन्हींचा परिणाम वेगवेगळा तपासला. पोलिसांकडच्या नोंदीनं गुन्हे कमी होताना दिसले. यादी खुली केल्यावर मात्र यादीतलेच लोक पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मला यात नवल वाटत नाही. नोकरी नाही, भाड्यानं घर मिळत नाही, नातेवाईक तोंड फिरवतात. मग सरळ राहून त्या माणसाला मिळणार काय?

यादीतल्यांनी कुठे राहायचं नाही, या बंदीचं तर हसंच झालं. मायामी परिसरात शाळांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहायचं नाही असा नियम केला. राहायला जागाच उरली नाही, म्हणून डझनावारी माणसं २००७ ते २०१० या काळात ज्युलिया टटल पुलाखाली राहत होती. पोलिसांना हे सोयीचं होतं असं मानायचं का? शिवाय मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचाच असतो. तो शाळेपासून किती फुटांवर राहतो, यानं काय फरक पडणार?

न्यायालयाचीही यात भूमिका आहे. २००३ च्या ‘स्मिथ विरुद्ध डो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की नोंदणी ही शिक्षाच नव्हे, निव्वळ प्रशासकीय नियम आहे. त्यामुळे जुन्या गुन्ह्यांनाही ती लावता येते. असे गुन्हेगार पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ‘भयावह’ आहे, हा त्या निकालातला एक आधार. अभ्यासकांनी माग काढला तेव्हा त्याच्या मुळाशी मानसशास्त्राच्या एका लोकप्रिय मासिकातलं १९८६ चं, पुराव्याविना केलेलं विधान निघालं. १९९४ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांवरच्या सरकारी अहवालात तीन वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झालेले ५.३ टक्के होते. अर्थात असे कितीतरी गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे हा आकडा किमान समजा. तो दाखवून ‘धोका नाहीच’ म्हणणाऱ्यांवरही मी विश्वास ठेवत नाही.

माझ्या मते सगळ्यात वाईट भाग अल्पवयीनांचा. २००६ च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्यानं काही गंभीर गुन्ह्यांत चौदा वर्षांच्या मुलालाही नोंदणीत ओढलं.

सुधारणा होताहेत, पण रडतखडत. २०१६ मध्ये मिशिगनसह काही राज्यांसाठी असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयानं (सहावं सर्किट) मिशिगनचा कायदा प्रत्यक्षात शिक्षाच आहे असं म्हणून तो मागच्या तारखेपासून लावायला मनाई केली. कॅलिफोर्नियात १९४७ पासून नोंदणी जन्मभराची होती. २०२१ पासून तिथं दहा वर्षं, वीस वर्षं आणि आजन्म असे तीन स्तर आहेत. मुदत संपली म्हणून नाव आपोआप गळत नाही. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि सरकारी वकील त्याला हरकत घेऊ शकतो.