नमुना, नमूद आणि न उडणारी विमाने

प्रश्न असा आला आहे: "प्लॅस्टिकच्या विमानांची स्केल मॉडेल जोडणारे आम्ही पाच-सहा मित्र एकमेकांना 'नमुना' म्हणून चिडवतो. हा शब्द मॉडेलवरूनच आला का? आणि दुसऱ्याच्या विमानात चुका काढत बसणाऱ्याला इंग्रजीत 'रिव्हेट काउंटर' (विमानाचे पत्रे जोडणारे बारीक खिळे, म्हणजे रिव्हेट, मोजणारा) म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे?"

आधी एक विनंती. मॉडेलला 'प्रारूप' म्हणू नका. प्रदर्शनात 'विमानाचे प्रारूप' अशी पाटी दिसली की माझे डोके उठते. प्रारूप म्हणजे मसुदा. मतदार यादी प्रारूप असते, म्हणून तर तिच्यावर हरकती मागवतात. रंगवून, डेकल (चिन्हांची चिकटचित्रे) लावून काचेच्या कपाटात गेलेले स्पिटफायर लढाऊ विमान मसुदा कसे? 'प्रतिकृती' म्हणा, नाहीतर सरळ 'मॉडेल'. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'मोड्युलस'चा अर्थच छोटे माप.

आता नमुना. शब्द फारसी, 'नमूदन' म्हणजे दाखवणे या क्रियापदातला. आणि त्याचा सख्खा भाऊ आपण रोज वापरतो: 'नमूद'! फिर्यादीत नमूद केलेली वेळ आणि तुमच्या टेबलावरचे विमान एकाच घरातले आहेत. हिंदी-उर्दूतली 'नुमाइश' त्यांची बहीण, वाट दाखवणारा 'रहनुमा' चुलतभाऊ. आपल्या सातबाऱ्यातही हाच शब्द दडला आहे: गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. 'नमन'शी याचा काडीचाही संबंध नाही. ती व्युत्पत्ती कानाला गोड लागते एवढेच.

मग शिवी कशी झाली? एक जाणकार स्नेही म्हणतात, इंग्रजी 'स्पेसिमेन'ची ही नक्कल; तोही शब्द मुळात नमुना आणि थट्टेत विचित्र माणूस. मला हे साफ अमान्य आहे, आणि त्यांना तसे तोंडावर सांगितले आहे. मराठीला उसनवारीची गरजच काय? 'शहाणा', 'महाभाग', 'दिवटा' हे सगळे मुळात चांगले शब्द, आपण सूर बदलून त्यांचे टोमणे केले. फारसीत आजही नमुना विद्यार्थी म्हणजे आदर्श विद्यार्थी, आणि आपल्याकडे 'नमुनेदार' अजून कौतुकाचाच. माझे मत असे की 'काय नमुना आहे!' म्हणताना आपण 'हा माणूस चारचौघांना दाखवण्याजोगा' असेच म्हणतो. म्हणून ही थट्टा मित्रांत शोभते. टवाळीत तुच्छता असते, नमुन्यात जिव्हाळा.

रिव्हेटवाल्याला 'कीसकाढ्या' म्हणा. शब्दाचा कीस आपण काढतोच, आणि पॉलिशपेपरने पंखाचे दोन भाग जोडल्याची शिवण घासताना प्लॅस्टिकचाही खराखुरा कीस निघतो. एकास बहात्तर प्रमाणात सहा फुटी वैमानिक एक इंचाचा होतो आणि ५ मिलिमीटरचा रिव्हेट जेमतेम ०.०७ मिलिमीटरचा, केसाच्या जाडीचा. तो मोजणाऱ्याला एवढा मान हवाच.

शिवाय थट्टा या छंदाच्या जन्मापासून आहे. ब्रिटनमधल्या 'फ्रॉग' कंपनीची पहिली विमाने खरोखर उडायची; फ्रॉग या इंग्रजी अक्षरांचा विस्तारही 'थेट जमिनीवरून उडणारे' असाच सांगत. १९३६ मध्ये त्यांनी एकास बहात्तर प्रमाणातली, फक्त मांडून ठेवायची प्लॅस्टिकची विमाने काढली. ती उडत नव्हती, म्हणून त्या मालिकेचे नाव ठेवले 'पेंग्विन'.