खर्ज कोपऱ्यात साचतो

या वेळी घरगुती स्टुडिओतल्या बेस ट्रॅपविषयी, म्हणजे खोलीत घुमणारा खर्ज शोषणाऱ्या पॅनेलविषयी, चार प्रश्न आले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : कोथरूडच्या फ्लॅटमधली १० × ११ फुटांची बेडरूम, उंची साडेनऊ फूट. भिंतींना एक इंची फोम आणि छताला अंड्यांचे ट्रे लावले. खोली कोंदट झाली, पण बेस गिटारची मोकळी ए तार अजून घुमते. गंमत म्हणजे मिक्सिंगला खोलीच्या मधोमध बसलं की तोच खर्ज गायब! बेस ट्रॅप घरी बनवता येतील का?

उत्तर : येतील. पण आधी खोली काय करते ते पाहा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरून त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. आलेल्या वारंवारतेला खोली आपणहून घुमते, तोच तिचा अनुनाद. तुमच्या खोलीत लांबीचा अनुनाद ५१ हर्ट्झला येतो, रुंदीचा ५६ला, उंचीचा ५९ला. तिन्ही एकमेकांना चिकटून, आणि मोकळी ए तार आहे ५५ची. ती घुमणारच. या अनुनादांचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या मध्यावर जवळपास शून्य असतो, म्हणून तिथल्या खुर्चीत खर्ज ऐकू येत नाही. ५५ हर्ट्झची एक लहर सव्वासहा मीटरची. एक इंची फोम तिच्या खिजगणतीतही नाही. त्याने फक्त वरचे स्वर खाल्ले, तोच तुमचा कोंदटपणा. अंड्यांचे ट्रे तर आजच काढा. खर्जावर परिणाम शून्य आणि आग लागली तर भडकणारे.

पहिली दुरुस्ती फुकटची आहे. तोंड १० फुटी भिंतीकडे करून बसा आणि डोकं त्या भिंतीपासून चार फूट दोन इंचांवर, म्हणजे लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर ठेवा. ही जागा नियम नव्हे, सुरुवात. तिथून अर्धा फूट पुढेमागे सरकून बघा. मग रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक घेऊन कानाच्या जागी २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा स्वर) मोजून ठेवा. हा आलेख नसेल तर नंतर फरक पडला की पडल्यासारखा वाटला, हे कळणार नाही.

आता सामान. रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंच्या लोकरीच्या) ५० मिमी जाडीच्या, १००० × ६०० मिमीच्या १४ स्लॅब, घनता घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत तापलेल्या पाइपांभोवती असतो तोच हा माल, त्यामुळे इन्सुलेशनच्या दुकानदाराला नीट सांगावं लागतं : जाळी शिवलेली मॅट्रेस नको, सुटा स्लॅब हवा. ९६ घनतेचा ‘भारी’ माल गळ्यात मारला जातो, तो घेऊ नका. थर जाड असेल तेव्हा फार दाट माल उलट अडचणीचा, त्यात हवा आतवर शिरतच नाही.

चौकटीसाठी १२ मिमी प्लायची ८ × ४ फुटांची एकच शीट पुरते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणताना तिथेच मशीनवर १०० मिमी रुंदीच्या पट्ट्या लांबीच्या बाजूने कापून घ्या, ११ निघतात. सात पट्ट्यांतून प्रत्येकी १०२४ मिमीचा एक आणि ६०० मिमीचे दोन तुकडे काढा, उरलेल्या चार पट्ट्यांतून १०२४चे दोन-दोन. सात चौकटी होतात आणि १०२४चा एक तुकडा शिल्लक राहतो. ६००चे तुकडे उभ्या तुकड्यांच्या मध्ये बसवायचे. म्हणजे आतलं माप बरोबर १००० × ६०० येतं. प्रत्येक सांध्यात फेव्हिकॉल आणि दीड इंची दोन स्क्रू. स्क्रूआधी अडीच मिमीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर प्लायचे पापुद्रे सुटतात. फेव्हिकॉल ओला असतानाच आतले दोन्ही कर्ण मोजा, ११६६ मिमी आले की चौकट काटकोनात आहे. मागच्या बाजूने नायलॉनची दोरी फुलीसारखी ताणून स्टेपल करा, म्हणजे स्लॅब मागे कलणार नाहीत. आत दोन स्लॅब एकावर एक, न दाबता.

कापड मांजरपाट चालतं. तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली पाहिजे. ३६ इंच पन्ह्याचं साडेनऊ मीटर सात चौकटींना पुरतं. रविवार पेठेत कापडगंजात मिळेल. आधी धुऊन इस्त्री करा. स्टेपल मारताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कडांकडे जा, कोपरे शेवटी. उलट केलंत तर सुरकुत्या पडतातच. तुमच्या खोलीत वरचे स्वर आधीच मेले आहेत, म्हणून कापडाखाली पातळ पॉलिथिन घाला. खर्ज त्यातून आत जातो, वरचे स्वर परततात. आणि भिंतीवरचा निम्मा फोम उतरवा.

लावायची जागा सर्वात महत्त्वाची. तंतुमय माल हवेच्या हालचालीवर काम करतो आणि ती हालचाल भिंतीला चिकटून जवळजवळ नसते. म्हणून पॅनेल भिंतीवर सपाट ठोकू नका, कोपऱ्यावर तिरकं लावा. मागे सुमारे एक फूट खोल पोकळी राहते. तीन उभ्या कोपऱ्यांत एकावर एक दोन-दोन. चौथ्या कोपऱ्यात बहुतेक फ्लॅटांत दार असतं, तिथे हट्ट नको. सातवं पॅनेल मागची भिंत आणि छत यांच्या कोनात टांगा. वजन सहा-सात किलो भरेल. नव्या इमारतींत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) भिंत असते, तिच्यात साधा प्लग सैल होतो, त्या ब्लॉकसाठीचाच घ्या. भाड्याचं घर असेल तर भोकं न पाडता खालच्या पॅनेलला पाय लावून उभी करा.

पुन्हा मोजा. ८० ते १५० हर्ट्झचं घुमणं आटोक्यात आलेलं दिसेल. ५१ ते ५९च्या तिकडीवर परिणाम कमी होईल, हे आधीच सांगून ठेवतो. पॅनेलमागची पोकळीही हलक्या, मोकळ्या रॉकवूलने भरली तर आणखी थोडं खाली जाता येतं.

प्रश्न : पावसाळ्यात रॉकवूलला बुरशी येते का? घरात लहान मूल आहे, तंतूंचा धोका किती?

उत्तर : रॉकवूल दगडाचं, बुरशी त्याला नव्हे तर ओल लागलेल्या कापडाला आणि प्लायला धरते. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर आधी ती दुरुस्त करा. पॅनेलच्या कडा त्या भिंतीपासून इंच-दोन इंच सुट्या ठेवा आणि फरशीपासून तीन इंच उचला. रोज फडकं फिरतं तेव्हा खालची कड भिजते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. हे अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे. पण कापताना तंतू उडतात आणि त्वचेला खाज सुटते. एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. काम गच्चीवर करा, मूल घरी नसताना. नंतर अंग गार पाण्याने धुवा, चोळू नका. पॉलिथिन नसेल तिथे कापडाखाली नॉन-वोव्हन अस्तर घालून मागची बाजूही त्यानेच बंद करा.

प्रश्न : आठ ट्रॅप लावले, तरी खालच्या मजल्यावरच्या काकू डग्ग्याची तक्रार करतात.

उत्तर : करणारच. ट्रॅप खोलीतला आवाज सुधारतात, बाहेर जाणारा अडवत नाहीत. त्याला वजनदार भिंत आणि हवाबंद फटी लागतात. दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा आणि तबल्याखाली जाड रबर व त्यावर प्लाय ठेवा, म्हणजे मजल्याच्या काँक्रीटमधून उतरणारी थाप थोडी मऊ होईल. उरलेलं काम वेळेचं भान ठेवूनच.

प्रश्न : नेमक्या ५५ हर्ट्झसाठी लाकडी पेटीचा ट्रॅप करता येतो म्हणे?

उत्तर : येतो, पण पहिल्या प्रश्नातलं सगळं करून मोजल्यावरच. बंद पेटी, पुढे पातळ प्लाय, आत मागच्या बाजूला रॉकवूल. प्लायचं वजन किलो प्रति चौरस मीटर आणि पेटीची खोली मीटरमध्ये घेऊन दोन्हींचा गुणाकार करा. त्याच्या वर्गमूळाने ६०ला भागलं की वारंवारता येते. चौरस मीटरला साडेपाच किलो भरणाऱ्या ९ मिमी प्लायला सुमारे २२ सेंटिमीटर खोली लागते. प्लाय कंपनीगणिक हलका-जड असतो, म्हणून तुकडा तोलूनच हिशोब करा. रॉकवूल पुढच्या प्लायला टेकलं तर तो नीट हलत नाही. सांध्यातून हवा निसटली तर पेटी काम करत नाही. सगळ्या आतल्या कडांना सिलिकॉन भरून, एक दिवस वाळवून मगच पुढचा प्लाय बसवा.