फ्लॅटच्या गॅलरीत कोळशाचा छोटा बार्बेक्यू लावला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सातव्या मजल्यावर राहता, ऑनलाइन घडीचा छोटा बार्बेक्यू मागवलाय, 31 डिसेंबरला आठ-दहा जण येणार आहेत, तर तो गॅलरीत लावू का आणि थंडी वाजायला लागली की निखारे विझत आल्यावर आत हॉलमध्ये घेतला तर चालेल का. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण जीव त्यात जातो. आत घेऊ नका. खिडकी उघडी असली तरी नाही, पंखा लावला तरी नाही, "आता फक्त लालसर उरलंय, धूर पण नाही" असं वाटलं तरी अजिबात नाही.

कारण धूर नसतो तेव्हाच कोळसा फसवतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि पार्टीच्या रात्री या तिन्ही गोष्टी कोणालाही साध्याच वाटणार ना, म्हणून माणूस आडवा होतो आणि मग उठत नाही. उत्तरेकडे दर थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात त्या याच्याच. पवना लेकला टेंटमध्ये ऊब म्हणून बार्बेक्यू आत ओढणारे पण मी पाहिलेत, त्यांना जाऊन सांगितलं, दुसरं काय करणार. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, करोनात घेतलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त पण त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे माणूस गुदमरत असताना तो 98 दाखवू शकतो. शंका आली की सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढायचं आणि 108 ला फोन.

आता गॅलरी. माझं मत स्पष्ट आहे, कोळशाचा नको. अमेरिकेत अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळशाच्या ग्रिलला बऱ्याच ठिकाणी बंदीच आहे, इमारतीपासून 10 फूट लांब ठेवा म्हणतात, आणि आपल्या गॅलऱ्या तर पाच फूट रुंद. त्यात काय काय असतं बघा, कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी, खाली हिरवं प्लॅस्टिकचं गवत, वाळत घातलेले कपडे, एसीचं आउटडोअर युनिट, आणि ड्राय बाल्कनीत पाइप गॅसचा मीटर. सातव्या मजल्यावर वारा कुठून कधी फिरेल सांगता येत नाही आणि एक ठिणगी उडून आठव्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेली तर तुम्हाला कळणार पण नाही. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून 14 जण गेले, अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्यासाठी पेटवलेल्या कोळशाच्या ठिणग्या पडद्याला लागल्या असं म्हटलं होतं. हुक्क्याचा कोळसा केवढासा असतो.

त्यापेक्षा सोसायटीला लेखी विचारून खाली मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर लावा (गच्चीवर सोलरचे प्लॅस्टिक पाइप, केबल आणि वॉटरप्रूफिंगचा शीट यांच्यापासून लांब). खाली विटा किंवा जुनी फरशी, कारण या छोट्या बार्बेक्यूचे पाय बुटके असतात आणि तळ चांगलाच तापतो. पेटवायला नारळाच्या करवंट्या आणि कापूर पुरतो. पेट्रोल, रॉकेल, सॅनिटायझर काही ओतायचं नाही, आणि पेटत नाहीये म्हणून अर्धवट पेटलेल्यावर तर मुळीच नाही, ज्वाळ बाटलीपर्यंत येते. मॅरिनेशनचं तेल ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नका, तुकडे चिमट्याने बाजूला घ्या आणि झाकण लावा. शेजारी वाळूची बादली हवीच. ओढणी, पदर, नायलॉनचं जॅकेट घातलेलं माणूस जाळीवर वाकणार नाही हे बघा, लहान मुलं लांब, आणि एक माणूस असा ठरवा जो पिणार नाही आणि तिथून हलणार नाही. कोणी भाजलंच तर 20 मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी, बर्फ टूथपेस्ट हळद काही नको.

आणि आता राख, जिथे मी स्वतः चुकलो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर रात्री एक वाजता सगळं काळं-करडं पडलेलं, हाताला पण फारसं गरम लागत नव्हतं, म्हणून मी सगळं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून जिन्याजवळच्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकलं. पहाटे वॉचमनला जळका वास आला म्हणून तो वर गेला तर डबा अर्धा वितळलेला आणि शेजारी कोणाचीतरी जुनी गादी उभी करून ठेवलेली. त्या जिन्याला लागून चार घरं आहेत आणि तेव्हा सगळे झोपलेले होते, मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. राखेच्या आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. त्यामुळे आता मी पत्र्याच्या झाकणवाल्या डब्यात राख काढतो, डबा विटांवर उघड्यावरच ठेवतो, दोन दिवस हात लावत नाही, मग पाणी घालून ढवळून बघतो आणि मगच कचऱ्यात.

गॅलरीतच करायचं असेल तर इलेक्ट्रिक ग्रिल घ्या, 16 अँपिअरच्या सॉकेटवर लावा, पातळ एक्स्टेन्शन बोर्डवर नको. धुरकट चव येत नाही हे खरंय, पण पनीर आणि चिकन दोन्ही व्यवस्थित होतं.